गौरजाच्या कामाचं गाऱ्हाणं

गौरजाला नोकरीत पाचवं पदनाम मिळालं, त्या दिवशी बाबांनी वाडीत पाचव्यांदा खाजा वाटला. कट्टा गावच्या बाजारातून किलोभर आणायचा, कागदाच्या पुड्या बांधायच्या आणि "आमच्या गौरजाक बढती गावली" असं सांगत घरोघर फिरायचं, हा त्यांचा शिरस्ता. पहिल्या खेपेला लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. तिसऱ्या खेपेपासून ते नुसताच खाजा खाऊ लागले. सहा वर्षांत पाच बढत्या मिळालेल्या माणसाने एव्हाना निदान जिल्हाधिकारी तरी व्हायला हवं होतं आणि गौरजा तर अजून माडीवरच्या खोलीत, खिडकीशी लॅपटॉप घेऊनच बसलेली दिसे.

खरी गोष्ट अशी की त्यातली एकही बढती नव्हती. पुण्याची एक कंपनी फोनवरची अ‍ॅप बनवत असे आणि ती लोकांना वापरता येतायत की नाही हे बघायचं काम गौरजाकडे होतं. पहिल्या दिवशी हेच काम, आजही हेच. नाव मात्र दर वर्षा-सव्वा वर्षाने बदले. ती आधी यूआय डिझायनर होती, मग यूएक्स डिझायनर झाली, मग यूएक्स रिसर्चर, मग प्रॉडक्ट डिझायनर आणि आता एक्सपीरियन्स स्ट्रॅटेजिस्ट. बाबा ओरोसच्या सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षांत त्यांचं पदनाम दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा आदेश क्रमांक, दिनांक आणि गोल शिक्क्यासह.

"पदनाम बदललां, म्हणजे वेतनश्रेणी पण बदलली असतली?" पाचव्या खेपेला त्यांनी विचारलं. हे विचारायला त्यांना सहा वर्षं लागली होती.

"नाय, बाबा."

"मगे काम?"

"तांच."

बाबांनी हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. खाजा सतरा घरांत पोचला होता आणि बहुतेक ठिकाणी खाऊनही झाला होता. "तर मग ही बढती नव्हे," ते कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले. बाबांना मनापासून लागलं की ते कचेरीच्या भाषेत शिरत. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं नाही, पण सोलकढी दुसऱ्यांदा मागितली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण कंपनीत संचिता मॅडम नावाच्या नव्या वरिष्ठ बाई आल्या. त्यांचं पद चीफ एक्सपीरियन्स ऑफिसर. आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं की हाताखाली माणसं चौदा आणि पदनामं अकरा, त्यातली दोन माणसं एकच काम करतायत आणि एक जण काय करतो ते त्यालाही सांगता येत नाही. मग त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येकाने आपलं काम धंद्यातले शब्द न वापरता सोमवारपर्यंत लिहून द्यायचं. मंगळवारी मॅडम स्वतः, त्यानेच नावं दिलेल्या, धंद्याबाहेरच्या पाच माणसांना फोन करून विचारणार, की हा माणूस काय काम करतो? पाचांपैकी चौघांना सांगता आलं तर ठीक. नाही तर ते पद बरखास्त, आणि त्या माणसाने एक तारखेपासून पुण्याच्या कचेरीत येऊन बसायचं.

पुण्यात गौरजा तीन वर्षं राहिली होती. तिथे कचेरीच्या भिंतीवर प्रियांका नावाच्या एका काल्पनिक मासेविक्रेतीचा हसरा फोटो लावला होता. वय पस्तीस, आवड समुद्र आणि संगीत. सगळ्यांनी त्या प्रियांकाकडे बघून अ‍ॅप बनवायचं. गौरजा घरून काम करू लागली तेव्हा कुठे तिला मालवणच्या किनाऱ्यावर खरी मासेविक्रेती भेटली, सत्यवती. समुद्राची आवड आहे का, असं तिला विचारल्यावर ती म्हणाली होती, "आवड खंयची गो बाये? पॉट आसा." त्या एका वाक्यानंतर गौरजाला आपलं काम आवडायला लागलं होतं. ते सोडून परत त्या फोटोपुढे जाऊन बसायचं, या विचाराने तिला रडू यायचं बाकी राहिलं.

पण पाच माणसं काय, वाडीत पन्नास होती. बुधवारी सकाळी ती शेजारच्या सुशीलाकाकूंकडे गेली आणि म्हणाली, "काकी, लोकांका फोन वापरताना खंय अडता, तां मी शोधून काढतंय."

"असां काय? आधी सांगूक नाय तां!" काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उजळला की गौरजा खूश होऊन घरी आली.

गुरुवारी सकाळी काकू पडवीत हजर. फोन चार्ज होत नव्हता. त्यांच्या मागे आणखी चौघं. अकरा वाजेपर्यंत पडवी भरली. एकाचा गॅस नोंदवला जात नव्हता, एकीला तिचाच फोन उघडता येत नव्हता, एका आजोबांच्या फोनच्या पडद्यावर कायम जावयाचा फोटो येई आणि तो त्यांना बघायचा नव्हता. सुशीलाकाकूंना तर नणंदेचा फोन आला की वाजूच नये अशी सोय हवी होती, पण नणंदेला कळता कामा नये. आई, म्हणजे सरलाताई, एकवीस कप चहा करून म्हणाल्या, "गो, तुझां नेमकां काम तरी काय? माका आधी सांग, म्हणजे उद्या किती दूध घेवचां तां कळात."

दुपारी गौरजाने आपल्या सांगण्यात दुरुस्ती केली. शिवा न्हाव्याच्या दुकानात जाऊन तिने वही उघडली आणि स्पष्ट सांगितलं, "मी काय दुरुस्त करी नाय हां. मी फक्त लोकांका प्रश्न इचारतंय आणि लिवन घेतंय."

शिवाचा वस्तरा हवेत थांबला. त्याने आधी वहीकडे बघितलं, मग दाराकडे. "माझ्याकडे काय नाय," तो म्हणाला. "फ्रीज भावाचो आसा. पंखो पण भावाचोच."

संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी पसरली की गौरजाला सरकारने रेशनकार्डासाठी घरोघरची पाहणी करायला नेमलंय, म्हणूनच ते पाचवं पद. सुशीलाकाकूंनी कपडे धुवायच्या मशीनवर गोधडी टाकून वर मिरच्या वाळत घातल्या. सकाळी ज्या पडवीत बसायला जागा नव्हती तिथून जाताना लोक रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाऊ लागले. आयुष्यात कधी कुणाच्या घरातली दोन भांडीसुद्धा न मोजलेल्या मुलीवर ही पाळी आली.

बाबू मास्तर तेवढे निवृत्त शिक्षक असल्याने निर्भय होते. ते आपण होऊन सल्ला द्यायला आले. "इतक्यो भानगडी कित्याक? 'कम्प्युटरात आसंय' म्हण. गावात सगळ्यांचां तेवढ्यार भागता." गौरजाने समजावलं की मॅडमचं तेवढ्यावर भागत नाही. "मगे 'मोठ्या कम्प्युटरात आसंय' म्हण," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी बाबा अखेर मैदानात उतरले. मुलीची अब्रू गेली म्हणजे अव्वल कारकुनाची गेली, आणि कामाची व्याख्या लिहिणं हे काही खिडकीशी बसून करायचं काम नव्हे, त्याला कचेरीत घडलेला माणूस लागतो. इस्त्रीचा शर्ट घालून ते एसटीने ओरोसला गेले. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याबरोबर बसून त्यांनी मसुदा केला. त्यावर चर्चा झाली, चहा झाला, दुरुस्त्या झाल्या, पुन्हा चहा झाला. टंकलिखित प्रत घेऊन बाबा शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीने परत आले आणि पडवीत उभं राहून त्यांनी ती वाचली.

"उक्त कर्मचारी, भ्रमणध्वनीवरील सुविधांच्या अंतिम वापरकर्त्यांस येणाऱ्या अडचणींबाबत प्रत्यक्ष क्षेत्रभेटीअंती, आवश्यक तेथे संबंधितांचे म्हणणे नोंदवून, त्यावरील आपल्या अभिप्रायासह प्रस्ताव सक्षम स्तरावर उचित कार्यवाहीस्तव सादर करील."

मजा अशी की त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं. गौरजाचं काम इतकं बरोबर आजवर कुणी लिहिलं नव्हतं. बाबा स्वतःच दोन पावलं मागे सरकून त्या कागदाकडे अभिमानाने बघत राहिले. शनिवारी त्यांनी तो शिवाला वाचून दाखवला. शिवाने गळ्यातला टॉवेल काढून, उभं राहून ऐकला आणि शेवटी हलक्या आवाजात विचारलं, "भावोजी, सही खंय करूची?"

बाबा घरी येऊन कागद घडी करून खिशात ठेवून बसले. गौरजाला त्या क्षणी स्वतःपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा सरलाताईंनी कमरेला पदर खोचला. चार दिवस त्या चहा करत सगळं ऐकत होत्या. "तुमचां सगळां करून झालां ना? आता माझां ऐका. उद्या देवळात जावया आणि विठोबाभावजींका सांगान गाऱ्हाणां घालूया."

गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान विठोबाकाकांचा. ज्याचं जे मागणं असेल ते काका देवासमोर उभे राहून खड्या आवाजात सांगत आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देत. रविवारी सकाळी सरलाताई नारळ घेऊन गेल्या, मागे गौरजा आणि बाबा. गाऱ्हाणं आहे म्हटल्यावर वाडीही आली. पाहणीची भीती होती, पण देवळात कोण कोणाचा फ्रीज मोजणार.

"पोरगी पुण्याक जावची नाय, इतक्यांच मागूचां आसा," सरलाताई म्हणाल्या.

"पण पोरगी करता काय?" काकांनी विचारलं. "तां माका कळाक व्हयां. माका कळूक नाय तर देवाक काय सांगू? अर्धवट सांगलां तर देव अर्धवटच देता. ह्यो बाबू मास्तर बगा. मी सांगलंय, म्हाराजा, ह्येची बदली होवंदे. खंय तां सांगूकच नाय. देवान ऐकल्यान आणि मास्तराक टाकल्यान बांद्याक! मागूची होती कट्ट्याची शाळा."

"सात वर्सा," मास्तर खांबाआडून म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून बांदा होतं.

गौरजा पुढे झाली. "काका, मी एक्सपीरियन्स..."

"नाव नको. नाव देवाक लागना नाय." काका पायरीवर बसले आणि तिलाही बसायला सांगितलं. "शेवटचां काम केलंस तां सांग. खंय गेल्लंस?"

"मालवणाक. किनाऱ्यार."

"समोर कोण होतां?"

"सत्यवती. मासळी इकता ती. घोव होडयेर जाता तिचो."

"तिचां काय अडलेलां?"

गौरजा सांगत गेली. कंपनीचं एक अ‍ॅप होतं. वारा वाढला की ते होडीवाल्यांच्या घरी सूचना पाठवायचं. सूचना आली की सगळा पडदा भरून जाई आणि कोपऱ्यातली बारीकशी फुली दाबल्याशिवाय फोनवर दुसरं काही करता येत नसे. सत्यवतीचे हात दिवसभर मासळीत. ओल्या, खवलं लागलेल्या बोटांनी ती फुली काही केल्या दबायची नाही. नवऱ्याला फोन करून मागे फिर म्हणायचं, तर तीच सूचना आडवी.

"मगे काय करी ती?"

"नाकान दाबी."

"नाकान?"

"व्हय. नाक पुसून, फोन तोंडाकडे धरून. तीन दिवस मी बाजूक बसलंय तेव्हा कळलां. इचारून ती सांगी नाय, लाज वाटा तिका."

"आणि तू काय केलंस?"

"पुण्यातल्यांका सांगलंय. ते म्हणाक लागले, बाईची चूक आसा. त्यांनी अ‍ॅप तपासलेलां ते थंड खोलयेत बसान. मगे मी परत सांगलंय. परत सांगलंय. शेवटी तिचो नाकान दाबतानाचो व्हिडिओ दाखवलंय. तेव्हा बटण मोठां झालां. आता ती कोपरान दाबता."

काकांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे तिचां म्हणणां थंयसर पोचना नाय, म्हणान तू तिच्या वतीन जावन उभी रवतंस. आधी बाजूक बसान बगतंस, मगे सांगतंस. गो, ह्यो माझोच धंदो की! तुझो देव पुण्यात बसता, इतकोच काय तो फरक."

गौरजाला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. सहा वर्षांत पाच नावं मिळाली, पण ती नेमकी काय करते हे आज पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगितलं होतं. शिवाय काकांनी जे प्रश्न विचारले, खंय, कोण, काय अडलं, मगे काय केलं, ते तर तिच्याच धंद्यातले प्रश्न. चार दिवस ती लोकांना व्याख्या सांगत फिरली आणि एकालाही घडलेली गोष्ट सांगितली नाही. तिला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली.

काका उठले. नारळ पुढे ठेवला गेला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सरलाच्या चेडवान, गौरजान, तुझ्या पायाकडे ह्यो नारळ ठेवलेलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां चेडू काय करता म्हणशीत, तर फोनातल्यो वस्तू करतत ते शिकलेले लोक थंड खोलयेत बसतत. तेंचे हात सुके. आमचे हात वले."

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज मोठा आला. हात सगळ्यांचेच ओले होते, कुणाचे मासळीने, कुणाचे भांड्यांनी, शिवाचे साबणाने.

"तर ह्यां चेडू वल्या हाताच्या माणसाच्या बाजूक बसता, खंय अडता तां आपल्या डोळ्यांनी बगता आणि सुक्या हाताच्या लोकांका जावन सांगता. त्यांनी ऐकूक नाय, तर परत सांगता!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तिका पुण्याक नेवची म्हणतत. थंयसर तिणां कोणाच्या हाताकडे बगूचां? तेव्हा म्हाराजा, तिका हडेच ठेव." काका थांबले. त्यांची नजर खांबाकडे गेली. "हडे म्हणजे ह्याच वाडयेत, बापाशीच्या घरात, माडयेवरच्या खोलयेत, खिडकीकडे. बांद्याक नको!"

"व्हय म्हाराजा!" बाबू मास्तर सगळ्यांच्या वरताण ओरडले.

सोमवारी गौरजाने ते गाऱ्हाणं जसंच्या तसं, फक्त पुणेकरांना कळेल अशा मराठीत, लिहून पाठवलं. देवाचं नाव तेवढं काढलं.

मंगळवारी फोन सुरू झाले. सुशीलाकाकूंनी, त्यांचा फोन आता चार्ज होत होता, घडाघडा सगळं सांगितलं आणि वर नणंदेचंही सांगितलं. बाबू मास्तरांनी आधी सांगितलं आणि मग मॅडमकडून म्हणवून घेतलं. शिवाने सांगून झाल्यावर विचारलं, "ते सुक्या हातांचे म्हणजे तुम्हीच काय?" सत्यवतीने फोन घ्यायलाच वेळ लावला. "थांबा हां, कोपरान उचललंय," ती म्हणाली. "गौरजा ना? तिच्यामुळे माझां नाक सुटलां." आणि मग ती अर्धा तास बोलत होती.

पाचवे विठोबाकाका. त्यांच्याकडे फोन नव्हता म्हणून ते गौरजाच्या पडवीत येऊन बसले होते आणि स्पीकर चालू होता. त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. गौरजाने सुटकेचा श्वास सोडला, तोच काका म्हणाले, "आणि तुम्ही काय करतात, बाय?"

"मी चीफ एक्सपीरियन्स ऑफिसर आहे."

"तां नाव झालां. काल सकाळी काय केलंत?"

गौरजाने कपाळावर हात मारला. बाबांनी डोळे मिटले. एकतीस वर्षांत त्यांनी वरिष्ठांना कधी 'काल सकाळी काय केलंत' असं विचारलं नव्हतं.

"मीटिंग होती," मॅडम म्हणाल्या.

"कोणाचां काय अडलेलां?"

"तसं काही... आढावा होता."

"बरां. मगे?"

"मग दुसरी मीटिंग."

"आणि बाजूक कोणाच्या बसलात?"

पुण्याच्या खोलीतल्या थंड हवेचं यंत्र तेवढं पडवीत ऐकू आलं. "काका," शेवटी मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला नंतर फोन करते."

संध्याकाळी पत्र आलं. पाचपैकी पाच. चौदा जणांत एवढे गुण एकट्या गौरजाला. घरून काम कायम. जुन्या पाच नावांतलं कामाला सगळ्यात जवळचं म्हणून तिसरं, यूएक्स रिसर्चर, तिला परत दिलं होतं.

बाबांनी बोटं मोजली. "पाचव्यावरून तिसऱ्यावर? म्हणजे ही पदावनती झाली!" त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी खिशातला तो घडी केलेला कागद काढला, उलट बाजूला काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि ताठ उभे राहिले. "पदावनती नव्हे. सन्मानपूर्वक पुनर्स्थापना." असं म्हणून ते पिशवी घेऊन कट्ट्याला निघाले. या खेपेला त्यांनी दोन किलो खाजा आणला आणि वाडीत या खेपेला एकालाही गौरजा काय करते ते विचारावं लागलं नाही.

पुढच्या शनिवारी मात्र कुणाला न कळवता संचिता मॅडम स्वतःच मालवणला उतरल्या. त्यांचा फोन आल्यावर गौरजाने जाऊन त्यांना सत्यवतीच्या बाजूला बसवलं. सकाळभर त्या मासळीच्या टोपलीशी बसल्या, दोनदा त्यांना उठवून बाजूला सरकवण्यात आलं आणि दहाच्या सुमारास त्यांचा फोन वाजला तेव्हा टोपलीतले बांगडे निवडून त्यांचे दोन्ही हात ओले होते. फोन काही केल्या उचलता येईना. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि नाकाने दाबला. सत्यवतीने तोंड वळवून हसून घेतलं.

रविवारी सरलाताईंनी देवाचे उपकार मानायला दुसरा नारळ नेला. मॅडमही आल्या आणि गर्दीत मागे उभ्या राहिल्या. गौरजाचं सांगून झाल्यावर काकांनी त्यांना बोटाने पुढे बोलावलं.

"बा देवा म्हाराजा! ही पुण्याची संचिता बाय. हिचां नाव मोठां आसा, तां माका येणा नाय. पण काल सकाळी हिणां काय केल्यान म्हणशीत, तर..."

काका थांबले आणि मॅडमकडे बघू लागले. सगळं देऊळ बघू लागलं. मॅडमनी एकदा स्वतःच्या हातांकडे बघितलं. दोनदा साबण लावूनही त्यांना बांगड्यांचा वास येत होता.

"बाजूला बसले," त्या म्हणाल्या.

"व्हय म्हाराजा!"